फुली नव्यावर

३ फेब्रुवारी

दाजी, नमस्कार.

हे पत्र वाचून तुम्ही चिडणार आहात, हे आधीच सांगून ठेवतो. तेव्हा आधी चहा पिऊन घ्या आणि मग पुढे वाचा.

आमच्या गावातलं नवं स्टेडियम परवा सुरू झालं आणि मी पहिल्याच मॅचला जाऊन आलो. दाजी, तिथं खांब नाही. म्हणजे एकसुद्धा नाही. छप्पर वरच्या लोखंडी कमानींना टांगलंय. मी एका कोपऱ्यात बसलो होतो, तरी दोन्हीकडचे गोल लख्ख दिसत होते. चौदा वर्षं मी तुमच्यासोबत मॅच पाहिली ती खांबाच्या उजव्या अंगाला बसून, म्हणजे उजव्या गोलापुरती. डावीकडे काय चाललंय ते तुमच्या तोंडून कळायचं. परवा डावीकडे गोल झाला, तो मला स्वच्छ दिसला, आणि तरी माझी मान सवयीनं वळली आणि तोंडातून निघालं, "काय झालं?" शेजारच्या माणसानं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुढची दहा मिनिटं बुटाची नाडी बांधत बसलो.

आणखी ऐका. चार लिफ्ट आहेत, तुमच्या धंद्यातली गोष्ट म्हणून सांगतो. दर मजल्यावर स्वच्छतागृह आहे, बायकांचं वेगळं, आणि मुख्य म्हणजे ते उघडं असतं.

आपल्या क्लबातही आता हाच प्रश्न निघालाय असं कळलं. जुन्या ग्राउंडवर मजला चढवायचा, की गावाबाहेर नवं बांधायचं. तुम्ही कुठल्या बाजूला ते मी विचारत नाही, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ताई कुठल्या बाजूला आहे, ते मात्र तिला एकदा विचारा.

तुमचा मेव्हणा


११ फेब्रुवारी

पलीकडच्या,

चहा प्यायलो. तरी चिडलो.

खेळता येईना ग्राउंड वाकडं, असली तुमच्या त्या नव्या क्लबाची गत. मागच्या हंगामात किती मॅच जिंकल्या रे? तीन. कमानी टांगून काय होणार?

आणि खांबाला नावं ठेवू नकोस. त्या खांबामुळे आपल्याला नावं मिळाली. मी अलीकडचा, तू पलीकडचा, आणि मधे खांबाला गुडघे टेकून तुझी ताई. डावा गोल मी सांगायचा, उजवा तू सांगायचा. तिला दोन्हीकडचं ऐकायला मिळायचं, म्हणजे खरं तर सगळ्यात भारी जागा तिची. तू नोकरीपायी गेलास त्याला नऊ वर्षं झाली. तुझ्या जागेवर आता बेकरीवाला बसतो. त्याच्याकडे गोल झाला की तो नुसता ओरडतो, सांगत काहीच नाही. आपल्यावर झाला की आपण केला, हे मला त्याच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागतं.

आता नकाशांचं ऐक. क्लबाच्या ऑफिसात दोन्ही नकाशे भिंतीला लावलेत. एक आपलं जुनं: पूर्व गॅलरीवर दुसरा मजला, चार हजार जागा वाढणार. वरचा भार पेलायला खांब जाड करणार, त्यामुळे मला निम्म्याऐवजी पाव ग्राउंड दिसेल, हे मलाही कळतं, शहाणपणा शिकवू नकोस. दुसरं नवं: परातीसारखं गोल, बायपासच्या पलीकडे. चित्रातली माणसं बघितलीस का? सगळी सडपातळ, हातावर कोट टाकलेली, आणि मॅचकडे एकाचंही तोंड नाही. आमचा नवा सेक्रेटरी, ज्याला आम्ही कोटवाला म्हणतो, तो त्या चित्रासमोर उभा राहतो तेव्हा कुठला खरा आणि कुठला रंगवलेला ते कळत नाही. परातीत ओरडलास तर आवाज वर उडून जातो. आपल्या पत्र्याखाली शंभर माणसं ओरडली तर हजार वाटतात. तेहतीस वर्षं मी तिथं बसतोय. ते ग्राउंड गेलं तर शनिवारी मी काय करायचं, घरात बसून छताचा पंखा बघायचा?

तुझ्या ताईला विचारलं. "तुमचं तुम्ही बघा," म्हणाली. दोन वर्षं झाली, ती येतच नाही. मॅचमध्ये आता राम राहिला नाही, म्हणते. पूर्वी कशी यायची! अख्खी मॅच जागची हलायची नाही, पाण्याचा घोट घ्यायची नाही. मी तिला उंटीण म्हणायचो, सगळी गॅलरी हसायची. तसला प्रेक्षक आता होणे नाही.

आणि फोन करू नकोस. फोनवर तू मधेच बोलतोस, मला धड भांडता येत नाही.

तुझा,
अलीकडचा


२४ फेब्रुवारी

दाजी, नमस्कार.

तुमचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मी आणखी दोनदा जाऊन आलो. आवाज उडून जातो, हे खरं आहे. मी उभा राहिलो तर पिवळा जाकीटवाला येऊन "बसून घ्या" म्हणाला. मॅच सुटल्यावर गाड्यांच्या गर्दीतून बाहेर पडायला पाऊण तास लागला. मधल्या सुट्टीत माझ्याशी कुणी म्हणजे कुणी बोललं नाही. आपल्याकडे वाटाणे विकणारासुद्धा रेफ्रीच्या सात पिढ्या उद्धरून मगच पुडी द्यायचा.

पण दाजी, पूर्व गॅलरीला एकसष्ट पायऱ्या आहेत. मोजून एकसष्ट, आणि धरायला कठडा नाही. तुम्ही मजला चढवणार म्हणता. आहे त्या मजल्यावर कोण चढू शकतं आणि कोण नाही, याचा हिशोब आधी कुणीतरी करावा. मी इतकंच म्हणतो, याच्यापुढे बोलायची मला बंदी आहे.

बाहेरगावच्या सभासदांना मतपत्रिका टपालानं आली. छापखान्यात प्रुफं तपासून तपासून मला कुठलाही कागद खालून वर वाचायची खोड लागलीय, तसा तो वाचला. तीन दिवस टेबलावर ठेवला. पाय निघत नव्हता त्या ग्राउंडातून, खरं सांगतो. शेवटी मनाचा हिय्या केला, फुली नव्यावर मारली आणि पाकीट टपालात टाकलं. तुम्हाला राग येईल. येऊ दे. तुमच्यापासून लपवून ठेवायचं नव्हतं.

तुमचा,
पलीकडचा


२ मार्च

अरे शाबास रे पठ्ठ्या!

राग कसला येतोय? मी तर पत्र घेऊन थेट बेकरीत गेलो आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. बघा म्हटलं, नव्या स्टेडियमात बसून आलेला माणूस, चार लिफ्टा बघून आलेला माणूस, तरी शेवटी फुली कशावर मारली? नव्यावर! याला म्हणतात आपलं माणूस. मागच्या पत्रात तुला टाकून बोललो ते मागे घेतो.

तुला आता इथलं सांगतो. आपल्या क्लबात फुली म्हणजे फुली. चाळीस वर्षं समितीची निवडणूक अशीच होते: जो नको त्याच्या नावावर फुली मारायची, उरतील ते निवडून येतात. त्यामुळे मला कुणाला काही शिकवावं लागलं नाही. पूर्व गॅलरीतले आम्ही त्र्याहत्तर सभासद. मी एकेकाच्या घरी गेलो, दुकानात गेलो, दोघांना तर दवाखान्यात गाठलं. सगळ्यांना एकच वाक्य: फुली नव्यावर, आणि मोकळे व्हा! बेकरीवाला म्हणाला, दाजी, कागदाच्या खाली बारीक अक्षरात काहीतरी दिसतंय. म्हटलं, बारीक अक्षरात आजवर कुणी कामाचं लिहिलंय का? आणि माझा बारीक छापील वाचायचा चष्मा दुरुस्तीला गेलाय म्हणून तुझ्या ताईनं अख्खा कागद मला मोठ्यानं वाचून दाखवलाय. क्लबाचं नाव, तारीख, दोन्ही पर्याय, सगळं. बेकरीवाल्यानं फुली मारली.

पेटी पंधरा तारखेला बंद होते. कोटवाल्याचं तोंड कसं होतंय ते बघायला मी पहिल्या रांगेत उभा राहणार आहे.

तुझा,
अलीकडचा


७ मार्च

ताई,

घरी आलेलं प्रत्येक पत्र दाजी फोडतात, म्हणून हे तुझ्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर धाडतोय.

दाजींचं पत्र मी तीनदा वाचलं. मला आधी वाटलं, टोमणा मारतायत. मग वाटलं, डोकं फिरलं. मग कळलं. कागदाची शेवटची ओळ अशी आहे: "पसंतीच्या पर्यायासमोरील चौकटीत फुली करावी." पसंतीच्या, ताई! कोटवाल्यानं पद्धत बदललीय. दाजींनी त्र्याहत्तर माणसांकडून नव्या स्टेडियमला मतं टाकवलीयत. मी नव्याला मत दिलं, आणि ते मला शाबास म्हणतायत.

तू त्यांना अख्खा कागद वाचून दाखवलास म्हणे. मग ती ओळ कशी सुटली? अजून आठवडा आहे, मतपत्रिका बदलून मिळते. तू सांगतेस की मी सांगू?

तुझा भाऊ


१० मार्च

बाळा,

ओळ सुटली नाही. सोडली.

तू चिडशील, पण आधी ऐकून घे. वाचत वाचत शेवटच्या ओळीशी आले. तेवढ्यात हे म्हणाले, "बास, कळलं, फुली नव्यावर," आणि निघालेसुद्धा चपला घालून. मला ओरडून थांबवता आलं असतं. मी कागदाची घडी घातली.

तुम्ही दोघं कायम विचारत आलात, कुठलं ग्राउंड चांगलं. मला कोण विचारणार? मला मत नाही. घरटी एक सभासद, आणि आमच्या घरचं मत ह्यांच्या नावावर. एकवीस वर्षं मी त्या ग्राउंडावर गेले, एकवीस वर्षं मी खांब बघितला. त्याच्यावरचा रंग कुठं उडालाय ते मला पाठ आहे. तरी मी जायचे, कारण मला आवडायचं रे. तुम्ही दोघं माझ्या डोक्यावरून एकमेकांना मॅच सांगायचात आणि मला ती डोळ्यांनी बघितल्यासारखी वाटायची.

बायकांचं स्वच्छतागृह पश्चिमेला, पार दुसऱ्या टोकाला. मधलं फाटक मॅच सुरू झाली की कुलूपबंद. म्हणून शनिवारी मी सकाळपासून पाणी प्यायचे नाही. हे मला उंटीण म्हणायचे, लोक हसायचे. मीही हसायचे, नाहीतर काय करणार? मग गुडघा गेला. ह्यांना दोनदा सांगितलं, पायऱ्या होत नाहीत. दोन्ही वेळा म्हणाले, "हळूहळू चढू." एक दिवस मी म्हटलं, मॅचमध्ये राम नाही. ते मात्र ह्यांना लगेच पटलं.

तेव्हा मला नव्या ग्राउंडात जायचंय. लिफ्टनं वर जायचंय, पाणी प्यायचंय, आणि एकदा तरी गोल बघायचाय. मी केलं ते बरोबर केलं असं मी म्हणत नाही. हे उत्साहानं दारोदार फिरतायत ते बघून मला घास गिळवत नाही. पण तू मधे पडू नकोस. जन्मभर बोललात तुम्ही, एकदा मी गप्प बसून काहीतरी केलंय.

ताई


१८ मार्च

मेव्हणेसाहेब,

नवं सहाशे बारा. जुनं पाचशे चोपन्न.

मी पहिल्या रांगेत उभा होतो. आकडा ऐकून म्हटलं, मोजणीत घोळ आहे, आमची त्र्याहत्तर मतं कुठं गेली? कोटवाल्यानं शांतपणे कागद काढला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं. मोठ्यानं. सगळ्यांसमोर. त्र्याहत्तर इकडून तिकडे टाकून बघ! आपण जिंकलो होतो रे, चांगले जिंकलो होतो! माझ्याच हातानं मी माझ्याच पायावर धोंडा पाडला, आणि तो पडावा म्हणून गावभर हिंडलो.

मी म्हटलं, मोजणी रद्द करा, लोकांची दिशाभूल झालीय. कोटवाला म्हणाला, "कुणी केली?" बेकरीवाला पाठ फिरवून निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आता त्याच्या दुकानावरून जायला नको म्हणून मी पावासाठी मागच्या गल्लीनं लांबचा वळसा घालतो.

आणि तू! तू नव्याला मत दिलंस, ठीक आहे, तो तुझा हक्क. पण माझं शाबासकीचं पत्र तुला पाच-सहा तारखेला मिळालं असणार. प्रुफं तपासणारा माणूस तू, एक काना चुकला तरी तुला झोप लागत नाही. तुला कळलं होतं. मग पंधरापर्यंत काय करत बसला होतास? एक फोन करायचा होतास! मी नको म्हटलं म्हणून काय झालं, घर पेटल्यावरसुद्धा पत्रच लिहिणार का?

तुझी ताई परवापासून गप्प आहे. जेवतसुद्धा नाही नीट. तिला माझ्यासाठी वाईट वाटतंय. निदान तिला तरी.

जुन्या ग्राउंडवरची शेवटची मॅच ९ मेला. येऊ नकोस.


२५ मार्च

दाजी,

हो, कळलं होतं. सांगितलं नाही. त्याबद्दल तुम्ही मला काहीही म्हणा, मी मान खाली घालून ऐकेन.

पण का सांगितलं नाही, ते मला विचारू नका. ज्याला विचारायचं ते माणूस तुमच्या घरातच आहे, आणि ते तुमच्यासाठी वाईट वाटून गप्प नाही.

तुम्ही लिफ्टच्या कामावर नव्या माणसाला पहिल्या दिवशी काय शिकवायचात, ते मला आठवतंय. लिफ्ट मधेच अडकली तर आधी आतल्या माणसाशी बोलायचं. "कोण आहे, किती वेळ झाला, काय हवंय?" मग मोटरीला हात लावायचा. तेवढंच करा. पण ऐकून घेताना "हळूहळू चढू" म्हणू नका.

पलीकडचा


१२ मे

पलीकडच्या,

दीड महिना पत्र नाही लिहिलं, कारण लिहायला बसलो की कागद फाटेल इतका राग यायचा. आधी तुझा, मग तिचा, मग स्वतःचा. शेवटचा अजून गेलेला नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी तिला विचारलं. तिनं सांगितलं. एका दमात, कापडाला कच्चे टाके घालता घालता, माझ्याकडे न बघता. मी भडकलो. म्हटलं, त्र्याहत्तर माणसांसमोर माझं नाक कापलंस! ती म्हणाली, "मी कापलं नाही, तुम्ही पुढे केलंत, मी बाजूला झाले." चार दिवस मी तिच्या हातचा चहा घेतला नाही. पाचव्या दिवशी मी टेप घेऊन ग्राउंडवर गेलो. एकसष्ट पायऱ्या, प्रत्येक नऊ इंच उंच. सात असायला हवी. लिफ्टच्या उंबऱ्याला अर्ध्या इंचाचा फरक पडला तर मी माणसांना फाडून खायचो, म्हाताऱ्यांचे पाय अडकतात म्हणून. एकतीस वर्षं लोकांच्या बायकांना वर-खाली नेलं, आणि माझी बायको खाली राहिली ते मला दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच. दोनदा सांगितलं होतं रे तिनं. दोन्ही वेळा मला वाटलं, मी तिला धीरच देतोय.

त्र्याहत्तर जणांना मी अजून माझीच चूक सांगतो. ती आहेच. तुझ्या ताईचं नाव त्यात यायचं कारण नाही, आणि तूही कुठं बोलू नकोस.

नव्या ग्राउंडाचं मला कौतुक नाही, हेही लिहून ठेवतो. सभासदांच्या जागा पूर्वेला आणि नकाशात लिफ्ट पश्चिमेला! मी कोटवाल्याला दोन पत्रं धाडलीत, तिसरं तयार आहे. लिफ्ट पूर्वेला येईपर्यंत त्या माणसाला मी सुखानं कोट घालू देणार नाही.

आता शेवटच्या मॅचचं सांगतो. तू आला नाहीस. मीच येऊ नकोस म्हटलं होतं, तरी माझी नजर फाटकाकडे जात होती. तिला म्हटलं, चल. ती म्हणाली, पायऱ्या? म्हटलं, चढायचंच नाही. ग्राउंडच्या माळ्याला सांगून कुंपणालगत दोन खुर्च्या मांडून घेतल्या. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा मी खांब सोडून बसलो. वर गॅलरीत बेकरीवाला होता. त्यानं मला बघितलं आणि हात वर केला, एवढंच. दोन-शून्यनं हरलो. दोन्ही गोल मला स्वच्छ दिसले, दोन्ही आपल्यावर झाले. पहिला झाला तेव्हा तुझी ताई उठून उभी राहिली आणि रेफ्रीला असं काही म्हणाली की मी तिच्याकडे बघतच राहिलो. खांबामागे होती म्हणून रेफ्री इतकी वर्षं वाचला.

पण मला तुला सांगायचंय ते वेगळंच. खेळाडूंच्या खोलीशेजारी पाहुण्यांसाठी एक स्वच्छतागृह आहे, पूर्वेलाच, आपल्या जिन्यापासून वीस पावलांवर. पहिल्यापासून आहे. किल्ली माळ्याकडे असते. मॅचच्या सकाळी मी त्याला म्हटलं, बायकोसाठी किल्ली देशील का? तो म्हणाला, "घ्या की दाजी, त्यात काय." बस. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. तीस वर्षांची ओळख आमची. मला कधी मागावीशीच वाटली नाही, कारण मला कधी लागलीच नाही.

मधल्या सुट्टीत मी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली, आणि वर ती किल्ली. तिनं किल्लीकडे बघितलं, दरवाजाकडे बघितलं, दोन्हीमधलं अंतर बघितलं. मग अख्खी बाटली प्यायली, एकदाही न थांबता, आणि रिकामी करून माझ्या मांडीवर ठेवली.

"ही किल्ली आधी मागितली असतीत," ती म्हणाली, "तर मी ती ओळ वाचली असती."

तुझा,
अलीकडचा